तालुक्याच्या गावी एकट्यानं भूल द्यायची तर बॅगेत काय असावं?

पळस_फुलला
नमस्कार मंडळी. एमडी किंवा डीएनबी (भूलशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण) संपवून थेट विदर्भातल्या तालुक्याला जाऊ पाहणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी हा धागा. कॉलेजात तीन वर्षं सगळं हाताशी असतं. पाठीशी सिनिअर, शेजारच्या टेबलवर दुसरा भूलतज्ज्ञ, भिंतीतून येणारा ऑक्सिजन. तालुक्याला मात्र उपजिल्हा रुग्णालय, एखादं ग्रामीण रुग्णालय आणि दोन-तीन नर्सिंग होम मिळून भूलतज्ज्ञ एकच. सकाळी एका गावी हर्निया, दुपारी दुसरीकडे सिझर, रात्री तिसरीकडून फोन. प्रत्येक ठिकाणचं मशीन वेगळं, फ्रिज वेगळा, सक्शनचा जोर वेगळा.

प्रश्न असा: अशा माणसानं स्वतःची बॅग बाळगावी का, आणि बाळगली तर तिच्यात नेमकं काय? माझं मत बॅग हवीच असं आहे. उलट बाजूही ऐकायची आहे.

धानपट्टी
हवीच. श्वासनलिकेचं सामान तर दुसऱ्याच्या भरवशावर सोडूच नये. लॅरिंगोस्कोपचं (घशात पाहायचं दिव्याचं साधन) हँडल आणि ३ व ४ नंबरची ब्लेड, ६, ६.५, ७ आणि ७.५ च्या ट्यूब, स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी तार), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी), आय-जेल (घशात बसवायचा श्वासमार्ग) ३ आणि ४, तोंडातले एअरवे दोन मापाचे, हातानं श्वास द्यायची अँबू बॅग दोन मास्कसह. बाळंतिणीला ७ च्या वर ट्यूब घेऊ नका, घशाला सूज असते. बीपी वाढलेली असेल तर ६.५ आधी हातात घ्या.

बूजीला विसरतात लोक. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप नसला तरी चालतं, पण बूजी नसेल तर एपिग्लॉटिसच (श्वासनलिकेवरचं झाकण) दिसतो आणि पुढे काही सुचत नाही अशी अवस्था होते.

वैनगंगाकाठ
मी उलट बाजूनं लिहितो. बॅग नेली की हॉस्पिटल निर्धास्त होतं. मग आय-जेल घेत नाही, सक्शन दुरुस्त करत नाही, कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) तर मागूच नका. शिवाय सक्शन, ऑक्सिजन आणि वर-खाली होणारं टेबल बॅगेत मावत नाही, आणि माणूस दगावतो तो बहुतेकदा याच तीन गोष्टींपायी. म्हणून पहिल्या भेटीतच लेखी यादी द्यावी: या गोष्टी असतील तरच केस घेईन. दुसरं सिलिंडर जोडून ठेवलेलं, सक्शन चालू करून दाखवलेलं, जनरेटर सुरू करणारा माणूस इमारतीत हजर. पत्राची एक प्रत आपल्याजवळ.

धानपट्टी
@वैनगंगाकाठ, यादी द्यावीच, वाद नाही. पण रात्री दोन वाजता नाळ बाहेर आलेली बाई टेबलवर असते तेव्हा पत्राचा उपयोग नाही. दोन्ही करा.

कापूसकोंड्या
काहून बाप्पा बॅगेचंच एवढं घेऊन बसले? आधी सिलिंडरचं गणित पक्कं करा. बी-टाइप सिलिंडरात पाणी भरलं तर १० लिटर मावते. दाबाचा काटा १५० वर असला की १० गुणिले १५०, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. काटा ६० वर आला की उरले ६००. मिनिटाला १० लिटरनं चाललं तर तासभर. जंबो म्हणजे ४६.७ लिटरचं, भरलेलं असलं की ७००० च्या आसपास.

आता गडचिरोलीहून नागपूर धरा, साधारण १७० किलोमीटर, रस्ता आणि गर्दी पाहता साडेतीन-चार तास. पेशंट १० लिटरवर असला तर ४ तासांना २४०० लिटर. त्याच्या निम्मा साठा वरून धरायचा, म्हणजे ३६००. बी-टाइप दोन पुरत नाहीत, तीन लागतात. रुग्णवाहिकेत बसण्याआधी काटा स्वतः पाहा. "भरलेलं आहे जी" या शब्दावर गाडी सोडू नका. आणि चावी सोबत आहे का तेही. सिलिंडर आहे, चावी नाही, हे होते.

ओटी_सिस्टर_ताई
कापूसकोंड्या भाऊंचं बरोबर आहे. आमच्या बाजूनं एक सांगते. सिलिंडरवर खडूनं "भरलेलं", "चालू", "रिकामं" लिहून ठेवावं आणि रिकामं वेगळ्या कोपऱ्यात. ऑक्सिजनचं काळं अंग, पांढरा खांदा, नायट्रसचं (भुलीच्या दुसऱ्या वायूचं) निळं. पण रंग उडालेलं सिलिंडर आलं तर रंगावर जाऊ नका, जोडणीची पिन पाहा. ऑक्सिजनच्या पिनांच्या जागा २-५, नायट्रसच्या ३-५. पिन बसत नाही म्हणून दोन वॉशर लावून जबरदस्तीनं बसवणारा कुणी असला तर हात धरा त्याचा.

संत्राबाग
नायट्रसचा विषय निघालाच आहे तर मे महिन्याचं बोलू. नायट्रस सिलिंडरात द्रवरूप असतो, म्हणून काटा एरवी ५० च्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम पडतो. किती उरला ते वजनानंच कळतं. पण ३६.५ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, सगळा वायू होतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा इथं पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमधल्या सिलिंडरचा दाब किती चढत असेल विचार करा. उष्ण देशांत म्हणूनच सिलिंडर कमी भरतात. सावलीत, हवा खेळती अशा खोलीत उभी, साखळीनं बांधलेली ठेवा. लहान ठिकाणी नायट्रसशिवाय काम उत्तम चालतं, माझ्या मते तो ठेवूच नये. एक वायू कमी, एक चूक कमी.

पळस_फुलला
उन्हाळ्याचा मुद्दा औषधांनाही लागू आहे ना? सक्सिनिलकोलीन, अॅट्राक्युरियम, (दोन्ही स्नायू सैल करणारी), ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं) सगळी २ ते ८ अंशांची. बॅगेतून गाडीनं ४० किलोमीटर न्यायची तर?

ओटी_सिस्टर_ताई
लसीचा डबा घ्या, आरोग्य केंद्रात असतो तो छोटा व्हॅक्सिन कॅरिअर. पण आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट ठेवू नका, औषध गोठतं. आधी बाहेर ठेवून पॅकवर घाम येऊ द्या, कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मग डब्यात. लसीकरणाला जाणाऱ्या कुठल्याही एएनएम ताईंना विचारा, त्या रोज हेच करतात. आणि औषधाच्या कुपीवर बाहेर काढल्याची तारीख लिहा. सक्सिनिलकोलीनची मल्टिडोस कुपी साध्या खोलीच्या तापमानाला १४ दिवस, अॅट्राक्युरियमही तेवढेच. पण हे "साधं तापमान" म्हणजे २५ अंश, आपल्याकडचं मे महिन्यातलं नाही. लोडशेडिंगच्या गावात फ्रिजमध्ये थर्मामीटर हवाच. दार उघडलं, दिवा लागला, म्हणजे रात्रभर वीज होती असं नाही.

मोहफूल
एक धोका अजून कुणी लिहिला नाही, म्हणून ठळक लिहिते. ट्रानेक्झामिक अॅसिड (रक्तस्राव थांबवणारं) आणि हेवी बुपिवाकेन (पाठीत देऊन कमरेखालचं अंग सुन्न करणारं). दोन्हींच्या कुपी बऱ्याचदा दिसायला सारख्या, पाण्यासारखं औषध, काचेची कुपी. पाठीत बुपिवाकेनऐवजी ट्रानेक्झामिक गेलं की बाईला आधी कमरेत आणि नितंबात जबर दुखतं, पाय झटके देतात, मग फिट्स, मग हृदय बिघडतं. अनेक देशांत यानं माणसं दगावलेली आहेत. सिझरला दोन्ही औषधं एकाच खोलीत लागतात, हीच अडचण.

उपाय सोपा आहे. ट्रानेक्झामिक भूलतज्ज्ञाच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला सलाइनच्या बाटलीशेजारी ठेवायचं. पाठीतलं औषध भरताना कुपी फोडण्याआधी नाव मोठ्यानं वाचायचं, सिस्टरनं तेच नाव परत म्हणायचं, आणि रिकामी कुपी केस संपेपर्यंत ट्रेमध्येच राहू द्यायची.

दगडी_पाटा
भूल देणाऱ्याला "भूल चूक देणे घेणे" म्हणायची सोय नाही. मोहफूल ताई, हे छापून प्रत्येक ओटीच्या भिंतीवर लावा.

वैनगंगाकाठ
सिझरचं पाठीतलं इंजेक्शन हा तालुक्यातला रोजचा निम्मा उद्योग. थोडं सविस्तर लिहितो.

हेवी बुपिवाकेन ०.५ टक्का, ४ मिलीची कुपी. सिझरला १.८ ते २.२ मिली. ठेंगण्या बाईला कमी बाजूला, पण १.६ वर जाऊन मग पोट उघडताना दुखलं की जास्त घोटाळा. सुई २५ नंबर किंवा त्याहून बारीक. बारीक टोकाची पेन्सिल-पॉइंट मिळाली तर नंतरची डोकेदुखी कमी. कमरेच्या दोन हाडांना जोडणारी रेघ मनात धरली की तिथं चौथा मणका. त्याच्या वरची किंवा खालची फट, त्याहून वर जाऊ नका.

सुन्नपणा निपल्सच्या रेषेपर्यंत पाहिजे. टोचून पाहू नका, स्पिरिटचा बोळा लावा. गार लागत नाही म्हणजे आलं. आधी खांद्याला लावून "असं गार लागतंय का?" विचारा, मग पोटावर. नाहीतर बाई घाबरून सगळ्यालाच हो म्हणते.

बीपी पडतो तो पहिल्या दहा मिनिटांत. तेव्हा मिनिटामिनिटाला कफ. उजव्या कमरेखाली घडी केलेली चादर, टेबल डावीकडे १५ अंश. पाठीत औषध जातं त्याच वेळी आरएल (सलाइनचा एक प्रकार) वेगानं सुरू करा. आधी तासभर सलाइन पाजत बसण्यानं फारसं साधत नाही. बीपी चढवायला फिनाइलएफ्रिनची १० मिग्रॅची कुपी १०० मिली सलाइनमध्ये घातली की दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम, त्यातलं अर्धा ते एक मिली. मेफेंटरमिन ३० मिग्रॅ १० मिलीपर्यंत पातळ केलं की दर मिलीला ३ मिग्रॅ, एकदोन मिली. नाडी साठच्या खाली असेल तर फिनाइलएफ्रिन नको, मेफेंटरमिन द्या. सिरिंजवर नाव आणि ताकद लिहा, पट्टी चिकटवून. फिनाइलएफ्रिनची पातळ न केलेली सिरिंज शंभरपट जोराची असते हे लक्षात ठेवा.

ऑक्सिटोसिन एकदम १० युनिट शिरेत ढकलू नका. बीपी कोसळतो, नाडी धावते. ३ युनिट सावकाश, मग बाकीचं सलाइनमधून. सर्जन घाई करतील, तरीही.

संत्राबाग
चांगलं लिहिलंय. फक्त झटके येऊन गेलेली बाई, प्लेटलेट ७५-८० हजारांच्या खाली, तिथं पाठीत सुई टाकू नका. आणि झटक्यांसाठी मॅग्नेशियम चालू असेल तर स्नायू सैल करणारी औषधं जास्त वेळ टिकतात, मात्रा आखडती घ्या.

पळस_फुलला
उपाशीपोटाचं काय करता? "पोटात काही नाही" हे उत्तर कितपत खरं धरायचं?

ओटी_सिस्टर_ताई
प्रश्न बदला. "काही खाल्लं का?" म्हटलं की नाही म्हणतात, कारण चहा-टोस्ट, मुरमुरे हे "खाणं" नाही. "सकाळी उठल्यावर पहिलं काय घेतलं, किती वाजता?" असं विचारा. सोबत आलेल्या सासूबाईंनाही वेगळं विचारा. नुसतं पाणी २ तास, जेवण आणि दुधाचा चहा ६ तास, मटण-पुरीचं जेवण ८ तास. कळा सुरू असलेली बाई कितीही तास उपाशी असली तरी पोट भरलेलंच समजायचं.

आणि तोंडात खर्रा आहे का ते स्वतः बघा. टेबलवर झोपवेपर्यंत गालात असतो.

झाडीपट्टी
खर्ऱ्याचा विषय काढलात, बरं झालं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा भागात हाच सगळ्यात मोठा धोका आहे आणि शहरातल्या पुस्तकात त्याला चार ओळी मिळतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून वर्षानुवर्षं गालात धरला की गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ दोरीसारखी होते. बोट फिरवलं तर दोऱ्या हाताला लागतात. तोंड उघडत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांत दिसतं, बायांत दिसतं.

तपासणी एका मिनिटाची. पेशंटला त्याचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली, ठीक. दोन गेली, बूजी आणि लहान ट्यूब काढून ठेवा. दीड बोट म्हणजे झोपवण्याचं औषध हातात घेऊ नका. लॅरिंगोस्कोपचं ब्लेड आत जाणार नाही, आय-जेलही जाणार नाही, आणि एकदा श्वास थांबवला की परत यायला वाट नाही.

ठरवून करायची केस असेल तर फायब्रॉस्कोप (वाकणारी दुर्बीण) असलेल्या ठिकाणी पाठवा. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे, नागपूरचं मेडिकल आहे. बेंबीखालचं काम असेल तर पाठीतलं इंजेक्शन. पण ते फसलं किंवा वर चढलं तर पुढे काय, हे आधी ठरलेलं पाहिजे, म्हणजे सर्जन गळ्याशी ट्रेकिऑस्टॉमीच्या (गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करायच्या) तयारीत. जागेपणी नाकातून ट्यूब टाकायची तर घाई नको: ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ वीस मिनिटं आधी, नाकात झायलोमेटाझोलिनचे थेंब, ४ टक्के लिग्नोकेन ४ मिली नेब्युलायझरनं, उरलेलं फवाऱ्यानं. लिग्नोकेनची बेरीज वजनाप्रमाणे कागदावर मांडा, नाहीतर घसा सुन्न करण्याच्या नादात मात्रा चढते.

दगडी_पाटा
बाकी ठिकाणी मॅलमपाटी (तोंड उघडून घसा किती दिसतो ते पाहणं), आपल्याकडे बोटं. पटलं.

कापूसकोंड्या
खर्ऱ्यानंतर फवारणी. कपाशीच्या हंगामात, ऑगस्टपासून पुढं, फवारणीची विषबाधा येते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तिथं भूलतज्ज्ञाले बोलावतात ट्यूब टाकायला, आणि तिथंच हात सवयीनं सक्सिनिलकोलीनकडे जाते. देऊ नका. फवारणीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषानं ते औषध तोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं असते. पाच मिनिटांचं औषध तासन् तास टिकते. रोक्युरोनियम वापरा, जराशी जास्त मात्रा.

अॅट्रोपिनची कुपी ०.६ मिग्रॅची. सुरुवात तीन ते पाच कुप्या, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट, छाती कोरडी होईस्तोवर. बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नका, स्टेथोस्कोप लावून छाती ऐका. म्हणून हंगामात शंभर कुप्या तरी साठ्यात पाहिजे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बरा दिसतो, जेवतो. त्याले उशीवरून मान उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर श्वास जाणार आहे, जनरल वॉर्डात पाठवू नका.

धानपट्टी
धानाच्या पट्ट्यात हीच गोष्ट मण्यारीची. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, चावल्याची खूण दिसत नाही, पापण्या मिटायला लागलेल्या. प्रतिविष १० कुप्या तासाभरात. निओस्टिग्मिन १.५ ते २ मिग्रॅ, अॅट्रोपिनसह, देऊन पाहा. नाग असेल तर पापण्या उघडतात, मण्यारीला फारसा फरक पडत नाही, कारण विष नसेच्या टोकालाच इजा करतं. मग व्हेंटिलेटरवर काही दिवस काढायची तयारी ठेवावी लागते. पूर्ण शुद्धीत असतो तो, फक्त हलू शकत नाही. डोळे मिटलेले म्हणून त्याच्यासमोर "वाचत नाही हा" असं बोलू नका. ट्यूब टाकताना झोपेचं औषध द्या.

मोहफूल
आणि सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नागपूर, जवळपास सगळाच पट्टा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यावर अनेकांकडे तपासणीचं कार्ड असतं, ते मागा. नसेल तर सोल्युबिलिटी टेस्ट करा, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी.

वाहकाला सहसा अडचण येत नाही. "एसएस", म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण, असेल तर चार शत्रू: ऑक्सिजन कमी, पाणी कमी, थंडी, आम्लता. मे महिन्यात रात्रभर उपाशी ठेवायचं तर रात्रीपासूनच सलाइन लावा, सकाळी पहिला नंबर द्या. एसीचा झोत अंगावर नको, सलाइन कोमट करून. पायाचं ऑपरेशन असलं तरी टूर्निके (रक्त अडवणारा पट्टा) टाळा. ऑपरेशननंतर रात्रभर ऑक्सिजन आणि वेदना आटोक्यात. छातीत दुखून ऑक्सिजन उतरायला लागला तर लगेच वरच्या ठिकाणी, सकाळची वाट नको.

सुपीक_माती
वाचतोय सगळं. मी डॉक्टर नाही. एक विचारू का? पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते असं गावात सगळ्याच बाया म्हणतात.

वैनगंगाकाठ
सुई जिथं टोचली तिथं दोन-चार दिवस ठणक राहतो, तेवढंच. नंतरची कंबरदुखी बाळंतपण, वाकून पाजणं, अंगातलं रक्त कमी आणि लगेच शेतकाम यांची. सुईमुळे खरा होणारा त्रास वेगळा आहे: बसलं की डोकं फुटतं, झोपलं की थांबतं, मान आखडते. हा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो. तसं झालं तर घरी सोसत बसू नका, परत या. पाणी आणि गोळ्यांनी नाही थांबलं तर बाईचंच १५-२० मिली रक्त त्याच जागी सोडून ते भोक बुजवता येतं.

संत्राबाग
मूळ प्रश्न नुसत्या सामानाचा नाही, नोकरीचाही आहे, म्हणून थोडं. शासकीय पद, कंत्राटी नेमणूक आणि ऑन-कॉल, अशा तीन वाटा. ऑन-कॉलमध्ये केसमागे पैसे ठरवताना तीन गोष्टी लेखी घ्या: रद्द झालेल्या केसला काय, केस झाल्यावर किती वेळ थांबायचं त्याचं काय, आणि पाठवताना सोबत गाडीत जायचं झालं तर काय. पैशाचं बोलायला संकोच करतात नवे लोक. मग "औषध देऊन निघून जा" अशी सवय लागते, आणि पेशंट त्या पुढच्या तासातच बिघडतो.

शासनानं एमबीबीएस डॉक्टरांसाठी सुरुवातीला १८ आठवड्यांचं जीवनरक्षक भूल प्रशिक्षण काढलं, ते याच तुटवड्यापायी. असे सहकारी तालुक्यात असतील तर त्यांना कमी लेखू नका, एकमेकांचा फोन उचला. एका माणसानं ३६५ रात्री सांभाळणं होत नाही.

आणि नोंद. दर पाच मिनिटांनी नाडी-बीपी, दिलेलं प्रत्येक औषध वेळेसह. केस संपल्यावर कागदाचा फोटो. संमतीपत्र भुलीचं वेगळं, त्याला समजेल अशा मराठीत, गोंडी किंवा कोरकू बोलणारा असेल तर दुभाष्याचं नाव लिहून.

झाडीपट्टी
थांबण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. पेशंट नाव सांगतो, डोकं पाच सेकंद उचलून धरतो, हवेवर ऑक्सिजन टिकतो, बीपी दोनदा सारखा येतो, तोवर ओटी सोडायची नाही. पुढच्या गावचा सर्जन फोनवर कितीही ओरडो.

धानपट्टी
+१. ओरडू द्या.

पळस_फुलला
खूप मिळालं. बॅगेची यादी अशी झाली: धानपट्टी सरांचं श्वासनलिकेचं सामान, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, छोटा कॅप्नोमीटर, पाठीच्या सुया, पट्ट्या आणि पेन, लसीचा डबा, २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली (सुन्न करणारं औषध रक्तात चढलं तर उतारा), अॅड्रेनलिन आणि अॅट्रोपिन वेगळ्या खिशात, सिलिंडरची चावी. वैनगंगाकाठ सरांचं पत्र पहिल्या भेटीत. बॅग किती दिवसांनी तपासायची?

ओटी_सिस्टर_ताई
दिवस मोजू नका. प्रत्येक केस झाली की वापरलेलं भरूनच बॅग बंद करायची, आणि दर सोमवारी मुदत संपलेल्या कुप्या काढायच्या. लॅरिंगोस्कोपचे सेल हँडलमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात गळतात आणि झाकण जाम होतं. वेगळ्या पिशवीत ठेवा, दोन जोड्या.